रमाबाईंची पाटी

(रमाबाई रानडे : १८६२ ते १९२४. समाजसेविका आणि लेखिका. पुणे सेवासदनाच्या कार्यामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत त्यांना एकही अक्षर वाचता येत नव्हते. त्या कशा शिकल्या आणि पुढे त्यांनी इतरांना कसे शिकवले, ते या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, मंगरूळपीरच्या आपल्या शाळेत मराठीचे पुस्तक पहिल्यांदा उघडले, तो दिवस तुम्हांला आठवतो का? उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिण्याची तुमच्या हाताला सवय. मराठी मात्र डावीकडून उजवीकडे जाते. पहिले काही दिवस बोट ओळीच्या चुकीच्या टोकाला जाऊन थांबते. शेजारची मुलगी भराभर वाचते आणि आपण पहिल्याच शब्दावर अडखळतो. काही मुलींना तर शाळेत यायलाच उशीर होतो. घरी धाकट्या भावंडांना सांभाळता सांभाळता वर्षे निघून जातात. मग वाचन कच्चे राहते, गणित कच्चे राहते आणि हळूहळू मनात एक भीती घर करते. हे आपल्याला कधीच जमणार नाही, असे वाटू लागते.

अशीच भीती दीडशे वर्षांपूर्वी एका मुलीच्या मनात होती. तिचे नाव यमुना.

यमुनेचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढे १९१३ मध्ये यशवंतराव चव्हाण याच गावी जन्मले. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण मुलींना शिकवण्याची रीत त्या घरात नव्हती. त्या काळी बहुतेक घरांत नव्हतीच. मुलगी लिहायला-वाचायला शिकली, तर तिचा नवरा लवकर मरतो, अशी एक खुळी समजूत लोकांत पसरलेली होती. त्यामुळे मुलीच्या हाती पाटी द्यायला आईबापच घाबरत. यमुना घरकाम शिकली, व्रतवैकल्ये शिकली, कहाण्या ऐकून पाठ करू लागली. पण कागदावरचे अक्षर म्हणजे तिच्या दृष्टीने नुसती काळी रेघ होती.

१८७३ मध्ये तिचे लग्न झाले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. नवरा महादेव गोविंद रानडे. ते पुण्यात न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, वय एकतीस. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. त्यांनी विधवेशीच लग्न करावे, अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि लहान मुलीशी लग्न केले. याबद्दल लोकांनी त्यांना दोष दिला आणि तो दोष खोटा नव्हता. यमुनेला तर कोणी काही विचारलेच नाही. आज आपल्या देशात अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे. तेव्हा तसा कायदा नव्हता.

सासरी यमुनेचे नाव रमा झाले. लग्न होताच रानड्यांनी तिला लिहिता-वाचता येते का, याची चौकशी केली. येत नाही हे कळल्यावर ते रागावले नाहीत की हसलेही नाहीत. त्यांनी पाटी मागवली आणि तिच्यावर पहिली अक्षरे काढून दिली. ही रमाबाईंच्या शिक्षणाची सुरुवात. रमाबाई शाळेत कधी गेल्याच नाहीत. घर हीच त्यांची शाळा झाली.

अकरा वर्षांच्या मुलीला मुळाक्षरांपासून सुरुवात करणे सोपे नसते. लहान मूल चुकले तर सगळे कौतुकाने हसतात. मोठी मुलगी चुकली तर तीच लाजते. रानडे दिवसभर कचेरीत असत. गावातल्या सभा-संस्थांचा व्याप वेगळाच. तरीही रमाबाईंच्या अभ्यासासाठी ते नेमाने वेळ काढत. मुळाक्षरे झाली, बाराखडी झाली, जोडाक्षरे आली. पुढे मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजातील एक शिक्षिका घरी येऊन त्यांना शिकवू लागल्या.

पण खरी अडचण अक्षरांची नव्हती. घरात नात्यातल्या पुष्कळ स्त्रिया होत्या. त्यांना सुनेचे हे शिकणे मुळीच पसंत नव्हते. रमाबाई पुस्तक घेऊन बसल्या की टोमणे सुरू होत. खाली येऊन कामाला लागल्या तरी टोमणे संपत नसत. त्या उलट बोलत नसत. सारे काम आटोपून पुन्हा पाटीकडे वळत. शिकण्यासाठी बुद्धी लागते, हे आपण नेहमी ऐकतो. रमाबाईंना बुद्धीहून अधिक सोशिकपणा लागला.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. तेथे मोठे कुटुंब नव्हते, टोमणेही नव्हते. अभ्यासाला वेळ मिळू लागला. याच काळात रमाबाईंनी इंग्रजीचा अभ्यास हाती घेतला. रानड्यांनी आणखी एक काम त्यांच्याकडे सोपवले. ते म्हणजे घरखर्चाचा जमाखर्च. रोज किती पैसे आले, कशावर गेले, शिल्लक किती, हे लिहून ठेवायचे.

आज तुम्ही रुपये आणि पैसे यांची बेरीज करता. शंभर पैशांचा एक रुपया, त्यामुळे हिशोब सोपा जातो. त्या काळचे कोष्टक निराळे होते. बारा पैंचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया. समजा, एका दिवशी भाजीला ७ आणे ९ पै, तेलाला ५ आणे ६ पै आणि दुधाला ४ आणे १० पै लागले. पैंची बेरीज २५. त्यातून बाराबारा काढले की २ आणे होतात आणि १ पै उरते. आण्यांची बेरीज १६, त्यात हे २ मिळवले की १८. त्यातून सोळा काढले की १ रुपया झाला आणि २ आणे उरले. म्हणजे एकूण खर्च १ रुपया २ आणे १ पै. एका ठिकाणी हातचा बाराला, दुसऱ्या ठिकाणी सोळाला! नव्याने अंकगणित शिकणाऱ्या मुलीची येथे किती धांदल उडत असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

रमाबाईंचा हिशोब सुरुवातीला जुळत नसे. पुन्हा पुन्हा बेरीज करूनही तो चुके आणि त्या रडकुंडीला येत. तरी ते काम त्यांच्याकडून काढून घेतले गेले नाही. हळूहळू हिशोब जुळू लागला. असे का झाले असेल? पुस्तकातले उदाहरण चुकले तर आपण पान उलटतो. घरातला हिशोब चुकला तर पान उलटता येत नाही. तेल आणि दूध आपल्या डोळ्यांसमोर असते. आकड्यांना अर्थ येतो आणि अर्थ आला की भीती कमी होते.

वाचनाचेही तसेच झाले. रानड्यांची दृष्टी अधू होती. वर्तमानपत्रे, पत्रे, पुस्तके त्यांना कोणीतरी वाचून दाखवावी लागत. हे काम पुढे रमाबाई करू लागल्या. ज्यांना एकेकाळी एक शब्द वाचायला कष्ट पडत, त्यांच्या आवाजात आता घराला रोजच्या बातम्या कळू लागल्या. आपले वाचन कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे, हे कळल्यावर वाचण्याचा कंटाळा राहत नाही.

पुढे पुण्यात एक इंग्रज बाई रमाबाईंना इंग्रजी शिकवायला घरी येऊ लागल्या. तेव्हा घरात नवाच पेच उभा राहिला. परधर्मी बाईला शिवले म्हणून धडा संपल्यावर रमाबाईंना अंघोळ करावी लागे. एक धडा, एक अंघोळ! तरीही धडे थांबले नाहीत. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे, म्हणून गव्हर्नरांच्या उपस्थितीत एक मोठी सभा झाली. त्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले. घरी आल्यावर शाबासकी मिळाली नाही, उलट बायकांनी पुष्कळ टाकून बोलले. पण १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. हुजूरपागा या नावाने ते आजही प्रसिद्ध आहे.

आता एक गंमतीची गोष्ट ऐका. १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी रानड्यांना कलकत्त्यास राहावे लागले. रमाबाई सोबत होत्या. तेथे दारावर बंगाली वर्तमानपत्र येई, पण घरात बंगाली कोणालाच वाचता येईना. रानड्यांनी बंगाली पुस्तके आणवली आणि अभ्यास सुरू केला. एके दिवशी रमाबाई पाहतात तो काय, न्हावी हजामत करतो आहे आणि रानडे त्याला बंगाली शब्द विचारत आहेत! एवढा विद्वान माणूस न्हाव्याला गुरू करतो, याचे रमाबाईंना हसू आले. रानड्यांना मात्र त्यात कमीपणा वाटला नाही. जे येत नाही ते ज्याला येते त्याला विचारावे, एवढी साधी गोष्ट ती. आपण शिकत शिकत त्यांनी रमाबाईंनाही बंगाली शिकवले. पाटीवर अक्षरे काढून देणारे गुरुजी या वेळी शिष्येच्या शेजारी विद्यार्थी म्हणून बसले. मुलांनो, तुम्हीही एक लिपी येत असताना दुसरी शिकत आहात. त्यांना काय अडचण आली असेल, हे तुमच्याइतके कोणाला कळणार?

१९०१ मध्ये रानडे वारले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्या आत होत्या. काही काळ त्या अगदी एकट्या राहिल्या. मग त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी सारे आयुष्य एका कामाला वाहून घेतले. १९०८ मध्ये मुंबईला सेवासदन ही संस्था निघाली. पारशी, हिंदू, मुसलमान अशा सर्व समाजांतील स्त्रियांसाठी ती होती. रमाबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात त्यांचे मोठे साहाय्यक होते.

पुणे सेवासदनात कोण येत असे? ज्यांचे शाळेत जायचे वय निघून गेले होते, अशा स्त्रिया येत. कोणी विधवा होत्या, कोणाला घरातून विरोध होता. सकाळी आणि संध्याकाळी त्यांना घरकामातून सवड नसे, म्हणून त्यांच्यासाठी दुपारचे वर्ग ठेवले होते. लेखन, वाचन, हिशोब, शिवणकाम असे विषय शिकवले जात. प्रौढ बाई पाटीवर पहिले अक्षर काढताना हात थरथरतो, हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नाही. पुढे संस्थेतून शिक्षिका तयार झाल्या, तसेच ससून रुग्णालयात शिकून परिचारिकाही तयार झाल्या. जिला सही येत नव्हती, ती बाई स्वतःच्या कमाईवर उभी राहू लागली.

पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा ते आधी मुलग्यांपुरते करावे, असे काहींचे मत पडले. मुलींनाही ते मिळाले पाहिजे, म्हणून रमाबाई इतर स्त्रियांसह पुढे आल्या. १९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत या पुस्तकाला मानाचे स्थान आहे. अकराव्या वर्षी ज्या मुलीला आपले नाव लिहिता येत नव्हते, तिने हे पुस्तक लिहिले! १९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

रमाबाईंच्या हाती कोणतीही जादूची कांडी नव्हती. त्यांना शेजारी बसून शिकवणारे माणूस मिळाले. रोजचा थोडा वेळ मिळाला. चुकले तरी काम काढून घेतले गेले नाही. आणि स्वतःला येऊ लागल्यावर त्या दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्या. आपल्या वर्गात किंवा घरात असे कोणी मूल असेल, तर त्याला मठ्ठ म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. कदाचित त्याला अजून कोणी पाटीच दिली नसेल.

शब्दार्थ

रीत – पद्धत
खुळी समजूत – वेडगळ कल्पना
पुरस्कर्ता – पाठिंबा देणारा
मान तुकवणे – निमूटपणे मान्य करणे
टोमणा – मनाला लागेल असे तिरकस बोलणे
सोशिकपणा – सहन करण्याची शक्ती
जमाखर्च – आलेल्या आणि गेलेल्या पैशांचा हिशोब
अधू – कमजोर
टाकून बोलणे – अपमान होईल असे बोलणे
परिचारिका – रुग्णांची सेवा करणारी स्त्री, नर्स

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रमाबाईंचे माहेरचे नाव काय होते?
(आ) नाशिकला रानड्यांनी रमाबाईंकडे कोणते काम सोपवले?
(इ) पुणे सेवासदन केव्हा सुरू झाले?

२. कारणे लिहा.
(अ) त्या काळी आईबाप मुलीच्या हाती पाटी द्यायला घाबरत.
(आ) कलकत्त्यात रमाबाईंना हसू आले.
(इ) सेवासदनात दुपारचे वर्ग ठेवले होते.

३. जुन्या कोष्टकाप्रमाणे बेरीज करा.
९ आणे ८ पै + ६ आणे ७ पै + ३ आणे ११ पै

४. वाक्यांत उपयोग करा.
मान तुकवणे, रडकुंडीला येणे, धांदल उडणे

५. उपक्रम
घरातील किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला वा मोठ्या माणसाला आठवडाभर रोज थोडा वेळ मराठी वाचायला शिकवा. त्याला कोणती अक्षरे कठीण गेली आणि का, ते पाच-सहा ओळींत लिहा.