सेवाव्रती डॉ. मेबल आरोळे

जालन्याप्रमाणेच अवर्षणाचे चटके सोसणारी जामखेडची भूमी ही डॉ. मेबल आरोळे यांची कर्मभूमी होय. वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण व पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे अध्ययन पूर्ण करून, पती डॉ. रजनीकांत यांच्यासमवेत त्यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प स्थापन केला. औषधाने बरे झालेले मूल भुकेमुळे व दूषित पाण्यामुळे पुन्हा आजारी पडते, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९७२ च्या भीषण दुष्काळात गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू करून बालकांना सकस आहार दिला. कूपनलिका दलित वस्तीत खोदवून पाण्यासोबत समतेचीही वाट मोकळी केली. निरक्षर, उपेक्षित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. प्रारंभी त्यांच्याविषयी साशंक असणाऱ्या गावांचाच पुढे त्या आधार बनल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. १९९९ मध्ये मेबलताई निवर्तल्या. परंतु त्यांचे कार्य अखंड राहिले. घेणारा स्वतःच्या पायांवर उभा राहावा, यातच दानाचे सार्थक आहे, हा त्यांच्या जीवनाचा बोध सेवाकार्यातील प्रत्येकाने मनी धरावा.