टर्बोचं पेटंट १९०५ चं, पण तो टिकाऊ करायला आल्फ्रेड ब्यूखीची २० वर्षं गेली

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला लोक दोन कारणांनी येतात. एक महागणपती आणि दुसरी एमआयडीसी. नवी गाडी शोरूममधून निघाली की हार घालून आधी महागणपतीला न्यायची, हे या भागात घरोघरी चालतं. गंमत म्हणजे ज्या गाडीला हार घातलाय ती तयारही इथंच झालेली असू शकते. फियाट आणि टाटांच्या भागीदारीतला कारखाना याच एमआयडीसीत आहे. नेक्सॉन आणि जीप कंपास तिथून बाहेर पडतात. २०१२ मध्ये मारुतीनं डिझेल इंजिनं विकत घ्यायचा करार केला, तोही याच कारखान्यासाठी.

या गाड्यांच्या इंजिनांवर, पेट्रोल असो नाहीतर डिझेल, एक वस्तू बसवलेली असते. टर्बो.

गाडीची चावी हातात देताना शोरूमवाला सांगतो, टर्बोची गाडी आहे, लगेच बंद करू नका, ऑइल वेळेवर बदला. का, ते सहसा कुणी सांगत नाही. मग सात वर्षांचं कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा टर्बो वॉरंटी संपल्यावर गेला की पाच आकडी, काही गाड्यांत सहा आकडी बिल समोर येतं आणि तेव्हा चौकशी सुरू होते.

त्या "का"चं उत्तर एका स्विस इंजिनिअरच्या आयुष्यात सापडतं. त्याचं नाव आल्फ्रेड ब्यूखी. आपल्याकडं कुणी ब्यूची म्हणतं, कुणी बुची. माणूस तोच.

११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर या कारखानदारीच्या गावात त्याचा जन्म झाला. वडील सुल्झर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. सुल्झर म्हणजे वाफेची इंजिनं, पंप आणि पुढं डिझेल इंजिनं बनवणारी नावाजलेली कंपनी. किर्लोस्करवाडीत वाढलेल्या पोराला ओतकामाचा आणि ऑइलचा वास जसा ओळखीचा, तसंच ब्यूखीचं बालपण. १८९९ मध्ये तो झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला, १९०३ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि बेल्जियम, इंग्लंडमध्ये नोकऱ्या करू लागला.

त्याला एक गोष्ट खटकत होती. इंजिनात इंधन जळून जेवढी उष्णता तयार होते त्यातली ढोबळमानानं एक तृतीयांशच कामाला येते. तेवढीच इंजिन थंड ठेवण्यात जाते आणि उरलेली धुराबरोबर बाहेर फेकली जाते.

दौंड तालुक्यात केडगाव, यवतच्या बाजूला गुऱ्हाळं बघितली असतील तर ब्यूखीच्या डोक्यात काय चाललं होतं ते लगेच कळेल. उसाचा रस काढल्यावर उरलेलं चिपाड गुऱ्हाळवाला टाकून देत नाही. वाळवतो आणि काहिलीखालच्या चुलवणात घालतो. ज्या उसाचा गूळ, त्याच उसाचं जळण. ब्यूखी इंजिनाच्या धुराकडं तसाच बघत होता. बाहेर जाणाऱ्या गरम धुरानं एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवायचा आणि त्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून ताकद जास्त. आज १.२ लिटरचं छोटं इंजिन एवढी मोठी गाडी ओढतं ते याच जोरावर.

१६ नोव्हेंबर १९०५ ही त्याच्या जर्मन पेटंटची तारीख. तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

आणि मग बरीच वर्षं काहीच झालं नाही.

कल्पना बरोबर होती, पण ती पेलणारं सामान नव्हतं. लालबुंद धुरात फिरूनही वाकणार नाही असा धातू नव्हता. हवा दाबणारे पंखे इतके कमकुवत होते की धुरातून मिळालेली ताकद त्यांना फिरवण्यातच संपायची. १९०९ च्या सुमारास ब्यूखी गावी परतला आणि सुल्झरमध्ये संशोधनाच्या कामाला लागला. १९११ मध्ये तिथं टर्बोच्या चाचण्यांसाठी सोय उभी राहिली. १९१५ मध्ये त्यानं टर्बो बसवलेलं इंजिन तयार केलं. महायुद्ध सुरू होतं, विमानांना उंचावरच्या विरळ हवेत ताकद कमी पडायची, त्यावर हा उपाय होईल असा हिशेब होता. पण ते इंजिन भरवशाचं निघालं नाही आणि उत्पादनापर्यंत गेलंच नाही.

त्याच काळात फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाच्या इंजिनांवर टर्बो बसवून दाखवले. मॉसनं तर १९१८ मध्ये इंजिन थेट पाइक्स पीक या डोंगराच्या १४ हजार फुटांवरच्या माथ्यावर नेऊन चालवलं. पण विमानाचं इंजिन काही तासांनी उघडून बघायची पद्धत होती. ब्यूखीला हवा होता जहाजावर महिनोन् महिने चालणारा टर्बो, आणि तिथंच सगळं अडत होतं.

ते कशानं अडत होतं, हे आजच्या गाडीमालकानं नीट समजून घ्यावं, कारण अडचण मिटलेली नाही, आटोक्यात आली आहे. गाडीतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखापेक्षा जास्त फेरे घेतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला येणारा धूर ९०० अंशांच्या वर जातो. आणि बहुतेक गाड्यांत हा दांडा धातूवर टेकलेला नसतोच, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइलच त्याला उचलून धरतं आणि ऑइलच त्याची उष्णता वाहून नेतं.

आता पुण्याहून सोलापूर हायवेनं तासभर गाडी दामटत आणली, चौफुल्याला वळून थेट हॉटेलच्या दारात थांबवली आणि त्याच क्षणी बंद केली. इंजिन थांबलं की ऑइलचा पंपही थांबला. टर्बोत अडकलेलं ऑइल तापलेल्या धातूवर तसंच बसून राहतं आणि जळून त्याची काळी खरपुडी होते. असं रोज होत राहिलं की ऑइलच्या बारीक वाटा बुजायला लागतात. म्हणून शेवटचा एखादा किलोमीटर गाडी निवांत आणायची. ते जमलं नाही तर अर्धा ते एक मिनिट इंजिन चालू ठेवायचं. गावातल्या गल्ल्यांतून हळूहळू घरी आला असाल तर टर्बो वाटेतच थंड झालेला असतो, दारात पाच मिनिटं इंजिन घुरघुरत ठेवणं म्हणजे नुसतं इंधन जाळणं. बऱ्याच नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याचीही थंडाई असते. काहींमध्ये चावी काढल्यावरही पंखा किंवा छोटा पंप चालू राहतो, तो आवाज बिघाडाचा नाही.

सकाळचं गणित याच्या उलट. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं, ते वर पोचायला काही सेकंद लागतात. सुरू केल्या केल्या रेस करायची सवय असेल तर ती मोडावी. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन तापवायचीही गरज नाही. थोड्या वेळात निघायचं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं चालवायचं.

ऑइल कोणतं, हा प्रश्न गॅरेजच्या बाकड्यावर बसून सोडवायचा नाही. मॅन्युअलमध्ये ग्रेड आणि त्यासोबत दर्जाचा मार्क दोन्ही छापलेले असतात, ते दोन्ही जुळलं पाहिजे. ५डब्ल्यू-३० लिहिलेला प्रत्येक डबा सारखा नसतो. बदलायची मुदतही किलोमीटर आणि महिने अशी दुहेरी असते, जे आधी होईल ते धरायचं. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात धूळ, छोटे फेरे, ओझं ओढणं अशा वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. गळीत हंगामात न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात रोज जाणारी गाडी त्या बारीक अक्षरातच मोडते. एअर फिल्टरला तर हे जास्तच लागू. लाखभर फेरे घेणाऱ्या पंख्यावर आदळणारा मातीचा कण पॉलिश पेपरचं काम करतो. फिल्टर झटकून परत बसवण्यात वाचणारे पैसे खरोखर किरकोळ असतात.

तर ब्यूखी. १९२४-२५ मध्ये त्याचं नशीब फिरलं. नशीब म्हणणंही तितकं बरोबर नाही, कारण तोपर्यंत त्यानं टर्बोपेक्षा टर्बोपर्यंत येणाऱ्या धुराचा अभ्यास केला होता. १९२४ मध्ये ब्राउन बोव्हेरी या कंपनीच्या बाडेनच्या कारखान्यातून पहिला मोठा टर्बो बाहेर पडला. १९२५ मध्ये त्यानं नवं पेटंट घेतलं. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच नळीत कोंडायचा नाही, गट करून वेगवेगळ्या नळ्यांनी आणायचा, म्हणजे एका सिलिंडरचा दणका दुसऱ्याला आडवा येत नाही आणि प्रत्येक दणक्याचा जोर पंख्याला मिळतो. शिवाय आत येणारी आणि बाहेर जाणारी झडप थोडा वेळ एकदम उघडी ठेवायची. थंड ताजी हवा सिलिंडर धुऊन पुढं जाते आणि जाता जाता झडपांना आणि टर्बोलाही गार करते. आजच्या गाड्यांच्या जाहिरातीत ट्विन स्क्रोल टर्बो म्हणून जे मिरवतं, ते या वेगळ्या नळ्यांच्या कल्पनेचंच नातवंड.

प्रॉयसेन आणि हान्झेश्टाट डान्झिग ही दोन जर्मन प्रवासी जहाजं. त्यांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांवर ब्यूखीचे टर्बो बसले आणि १,७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २,५०० ला गेलं. इंजिनाचा आकार तोच. पेटंटपासून इथपर्यंत २० वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये त्यानं सुल्झर सोडली आणि ब्राउन बोव्हेरी व विंटरथूरच्या रेल्वे इंजिन कारखान्यासोबत स्वतःचं सिंडिकेट काढलं. तिथून परवाने जगभर गेले. जहाजं, वीज केंद्रं आणि मग रेल्वे.

दौंडकरांनी त्याचं फळ डोळ्यांनी बघितलंय. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्याची डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिनं १९६० च्या दशकापासून भारतात धावली. १६ सिलिंडर, २,६०० हॉर्सपॉवर, वर टर्बो. विजेच्या तारा येण्याआधी दौंड जंक्शनवरून गाडी हलताना इंजिनातून काळ्या धुराचा लोट उठायचा. ते जुनं इंजिन खराब झाल्याचं लक्षण नव्हतं. ड्रायव्हरनं हँडल पुढं सरकवलं की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बो वेग घ्यायला वेळ लावतो. मधल्या काही सेकंदांत हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काळा धूर. या उशिराला लॅग म्हणतात.

कारमध्ये हा उशीर आता फार कमी झालाय, शून्य झालेला नाही. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ३५-४० च्या वेगावर गाडी रखडतेय आणि ड्रायव्हर अॅक्सिलरेटर पार खाली दाबतोय, हे दृश्य ओव्हरटेकच्या वेळी नेहमीचं. थेट इंधन फवारणी असलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनात अशा वेळी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि तो फटका पिस्टनवर बसतो. गिअर खाली घेऊन मग दाबलं तर प्रश्नच येत नाही. नव्या गाडीत पहिले हजार-दीड हजार किलोमीटर ही काळजी दुप्पट. वेग बदलता ठेवायचा, पूर्ण दाबायचं नाही, एकाच वेगावर तासन् तास धरायचं नाही. आणि चिप बसवून वीस-तीस हॉर्सपॉवर वाढवून देणारे भेटतात, त्यांच्याकडून निघताना गाडीची वॉरंटी तिथंच राहते.

ब्यूखीला १९३८ मध्ये झुरिकच्या त्याच संस्थेनं मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी स्विस कंपनी सावररनं ट्रकमध्ये टर्बो आणला. कारमध्ये आलेला मात्र त्यानं पाहिला नाही. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरमध्येच तो गेला.

तीन वर्षांनी, १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर बाजारात आली. शोरूममध्ये मिळणाऱ्या पहिल्या टर्बो कारपैकी एक. तिच्या इंजिनावर ताण येऊ नये म्हणून बोनेटखाली एक बाटली दिली होती. पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण, तेही मालकानं अधूनमधून भरायचं. मालक विसरायचे. बाटली रिकामी झाली की गाडी टर्बोचा दाब कमी करून टाकायची आणि मग गाडीत दम नाही म्हणून तक्रारी. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि मॉडेल बंद पडलं. पुढं कंपनीनं टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची सोय केली, आणि बऱ्याच मालकांनी ती घेतली.

आताच्या गाड्यांत ती बाटली नाही. तिच्या जागी मालकानं बघायची एक पट्टी आहे, ऑइलची डिपस्टिक. टर्बो इंजिन थोडं ऑइल खातं, त्यामुळं दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ते खाली जाऊ शकतं. गाडी सपाट जागेवर लावायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, पट्टी काढून पुसायची, परत घालून काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसलं पाहिजे. महिन्यातून एकदा पुरे, लांबच्या प्रवासाआधी एकदा जास्त.