एक पद, दोन बहिणी : शहजादी जहाँआरा

प्रास्ताविक

भावाभावांतील सत्तासंघर्षाच्या कथा इतिहासात विपुल आढळतात. बहिणींच्या स्पर्धेकडे मात्र बहुधा स्वभावाचा दोष म्हणून पाहिले जाते. एक मत्सरी, दुसरी सोशिक, एवढ्यावर तिचे स्पष्टीकरण संपते. प्रस्तुत घटकात आपण मोगल बादशहा शाहजहानची कन्या जहाँआरा हिच्या चरित्राचा परिचय करून घेणार आहोत. तिची धाकटी बहीण रोशनआरा हिला वगळून हे चरित्र सांगता येत नाही. या दोघींत जे घडले, त्याचे मूळ त्यांच्या स्वभावात कमी आणि त्यांच्या घराच्या रचनेत अधिक होते, हे ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

१. जन्म आणि भावंडांचा क्रम

जहाँआराचा जन्म १६१४ साली अजमेर येथे झाला. तिच्यानंतर १६१५मध्ये दारा शुकोह, १६१६मध्ये शुजा, १६१७मध्ये रोशनआरा आणि १६१८मध्ये औरंगजेब अशी भावंडे आली. मुराद व गौहरआरा ही त्यानंतरची. मुमताजमहलच्या चौदा अपत्यांपैकी ही सातच जगली. जन्मक्रमाने लागून असलेल्या दोन जोड्या, म्हणजे जहाँआरा व दारा आणि रोशनआरा व औरंगजेब, पुढे राजकारणातही एकत्र राहिल्या. बालपणीचे सान्निध्य हेच याचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. पण चरित्र वाचताना हा क्रम विसरूही नये.

रोशनआराचा जन्म तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात झाला. याच बुऱ्हाणपुरात जून १६३१मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहलचा मृत्यू झाला. त्या वेळी जहाँआरा सतरा वर्षांची होती, तर रोशनआरा तेरा वर्षांची.

२. वारसा आणि पद

मुमताजमहलच्या मागे एक कोटीहून अधिक रुपयांची संपत्ती राहिली. शाहजहानने तिचा निम्मा भाग एकट्या जहाँआराला दिला आणि उरलेला निम्मा इतर सहा भावंडांत वाटला. या वाटणीत केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. आईची जागा आता कोणाची, हे त्या वाटणीने सर्वांसमक्ष ठरले. बादशहाच्या अन्य राण्या हयात असतानाही अंतःपुराचे प्रमुखपद सतरा वर्षांच्या मुलीकडे आले. राजमुद्राही तिच्याकडे सोपवण्यात आली. १६३३मध्ये दाराचा नादिरा बानूशी विवाह झाला, त्याची सर्व सिद्धता तिनेच केली. आईने योजलेले कार्य मुलीने तडीस नेले.

येथे एक भाषिक बाब लक्षणीय आहे. दरबारी लेखनात जहाँआराचा उल्लेख पुष्कळदा नावाने न होता ‘बेगम साहिब’ या पदवीने होतो. तिच्या जहाजाचे नाव ‘साहिबी’ होते. गुरू मुल्ला शाह यांच्याविषयी तिने लिहिलेला ग्रंथ ‘रिसाला-ए-साहिबिया’ या नावाने ओळखला जातो. पदवी जणू तिचे विशेषनाम झाली होती. अशा पदवीला अनेकवचन नसते. एका घरात शहजाद्या कितीही असू शकतात. बेगम साहिब एकच. आईच्या मृत्यूनंतर पुढील सत्तावीस वर्षे रोशनआरा त्या अनेकवचनात राहिली.

या दोघींची लग्ने झाली नाहीत, हेही येथे महत्त्वाचे आहे. शहजाद्यांना दुसरे घर नव्हते. वडील किंवा भाऊ यांपैकी जो सत्तेवर असेल, त्याच्याशी असलेली जवळीक हाच त्यांच्या प्रतिष्ठेचा आधार होता.

३. कर्तृत्व आणि अपघात

जहाँआराने मिळालेल्या पदाचे चीज केले. ख्वाजा मुइनुद्दीन चिश्ती यांचे चरित्र सांगणारा ‘मुनिस-उल-अरवाह’ हा फारसी ग्रंथ तिने पंचविशीत लिहिला. दिल्लीतील चांदनी चौक ही तिचीच निर्मिती होय. आग्र्याची जामा मशीद तिच्या खर्चातून उभी राहून १६४८मध्ये पूर्ण झाली.

१६४४च्या वसंतात तिच्या तलम, सुगंधित वस्त्राला दिव्याची ज्योत लागली. ती गंभीर भाजली आणि तिला वाचवू पाहणाऱ्या दासींपैकी दोघी दगावल्या. शाहजहान स्वतः तिच्या शुश्रूषेत राहिला. अनेक महिन्यांनी ती बरी झाली, तेव्हा मोठा उत्सव झाला आणि सुरत बंदराचे उत्पन्न तिला बहाल करण्यात आले. याच काळात दख्खनच्या सुभेदारीवरून दूर केलेल्या औरंगजेबाला तिच्या रदबदलीमुळे बादशहाची मर्जी पुन्हा लाभली. जहाँआरा दाराच्या पक्षाची होती हे खरे. परंतु दुसऱ्या भावाशी असलेले नाते तिने तोडले नव्हते. पुढील घटनांचा उलगडा होण्यासाठी ही गोष्ट आवश्यक आहे.

४. वारसायुद्ध : दोन बहिणी, दोन पक्ष

सप्टेंबर १६५७मध्ये शाहजहान आजारी पडला आणि चारही भाऊ सिंहासनासाठी उठले. दोघी बहिणी आता उघडपणे दोन बाजूंना गेल्या. दरबारातील हालचालींच्या वार्ता रोशनआरा औरंगजेबाकडे पोहोचवीत असे. १६५८च्या उन्हाळ्यात सामूगढच्या लढाईत दाराचा पराभव झाला. विजयी औरंगजेबाला भेटण्यासाठी जहाँआरा स्वतः गेली. राज्य चार भाऊ आणि औरंगजेबाचा थोरला मुलगा यांच्यात वाटून द्यावे आणि बादशाहीचा वारस म्हणून औरंगजेबालाच मान्यता मिळावी, असा तिचा प्रस्ताव होता. औरंगजेबाने तो नाकारला. शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात बंदिवान झाला.

जहाँआराने पित्यासोबत बंदिवास पत्करला, तर रोशनआरा नव्या दरबारात अंतःपुराच्या प्रमुखस्थानी आली. १६५९च्या राज्यारोहणसमारंभात औरंगजेबाने तिला पाच लाख रुपये दिले. त्याच वर्षी दाराला देहान्त शासन झाले. रोशनआराने त्याच्या मृत्यूचा आग्रह धरला, असे फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. बहिणीने भावाचा जीव मागावा, ही नोंद वाचकाला हादरवते. परंतु दारा वाचला असता, तर जहाँआराचे पदही परतण्याची शक्यता जिवंत राहिली असती, हेही येथे दिसते. सत्तावीस वर्षांनी लाभलेले स्थान किती अस्थिर होते, याची जाणीव रोशनआराइतकी कोणाला असणार?

बर्निएने तिचे वैभवही पाहिले. १६६४च्या सुमारास बादशहा काश्मीरच्या मार्गावर असताना हत्तीवरून निघालेल्या रोशनआराच्या मिरवणुकीचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. १६६२मध्ये औरंगजेब अत्यवस्थ असताना राजमुद्रा तिच्याकडे होती, असेही तो सांगतो. म्हणजे थोरल्या बहिणीकडे एकेकाळी असलेली प्रत्येक खूण आता धाकटीकडे आली होती.

५. पदाचे पुनरागमन

१६६६च्या आरंभी शाहजहानचे निधन झाले. जाण्यापूर्वी त्याने औरंगजेबाला क्षमा करावी, यासाठी जहाँआराने त्याचे मन वळवले. त्यानंतर आग्र्यास आलेल्या औरंगजेबाने तिला सन्मानाने वागवले, तिचा तनखा वाढवला आणि ‘पादशाह बेगम’ हे पद तिला दिले. औरंगजेबाशी एकनिष्ठ राहिलेल्या रोशनआराला ते स्थान सोडावे लागले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिवाजी महाराज आग्र्यास आले. हा प्रसंग मराठी वाचकाला सुपरिचित आहे. त्यातील जहाँआराचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. जानेवारी १६६४मध्ये महाराजांनी सुरत लुटली होती आणि सुरतेचे उत्पन्न जहाँआराचे होते. महाराजांना शिक्षा व्हावी, असा आग्रह धरणाऱ्यांमध्ये ती होती, असे आग्र्याहून आमेरला गेलेल्या पत्रांवरून कळते. सूफी साधनेत रमलेली शहजादी आपल्या हक्काबाबत किती दक्ष होती, हे यावरून ध्यानात येते. बहिणींपैकी एकीला विरागी व दुसरीला महत्त्वाकांक्षी ठरवण्याची घाई म्हणूनच टाळावी.

दिल्लीच्या उत्तरेस स्वतः उभारलेल्या बागेत, १६७१मध्ये मृत्यूनंतर, रोशनआराचे दफन झाले. जहाँआराने दाराची अनाथ मुलगी सांभाळली आणि १६६९मध्ये तिचा विवाह औरंगजेबाच्या मुलाशी, आझमशी, आपल्या वाड्यात करून दिला. ज्यांच्या बापांपैकी एकाने दुसऱ्याचा जीव घेतला, त्या दोन घरांना तिने एका मांडवात आणले. सप्टेंबर १६८१मध्ये ती निवर्तली. औरंगजेब तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी निघालेला होता. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारात तिची साधी, वरून मोकळी, गवताने आच्छादलेली कबर आहे.

६. समारोप

चरित्राचे अध्ययन करताना पुरावा कोणाचा आहे, हे विचारावे लागते. जहाँआराने स्वतः लिहिले आणि ते लेखन आपल्यापर्यंत पोहोचले. रोशनआराला आपण प्रामुख्याने इतरांच्या लेखणीतून ओळखतो. त्यातील बर्निए व मनुची हे दोघेही दाराच्या सेवेत राहून आलेले होते आणि पडद्याआडचे बरेचसे त्यांना ऐकूनच ठाऊक होते. म्हणून एकीचा आवाज आपल्याला ऐकू येतो, तर दुसरीविषयी फक्त बोलणे ऐकू येते.

या दोघींनी एकच आई गमावली, एकाच पित्याच्या घरात वय घालवले आणि एकाच भावाच्या मर्जीवर आळीपाळीने उंची गाठली. त्यांच्यातील अंतर त्या वाटणीपासून सुरू झाले, जीत निम्मे एकीला आणि उरलेले सर्वांना मिळाले. ज्या घरात स्त्रीसाठी मानाची जागा एकच असते, तेथे बहिणींना परस्परांच्या वाट्याला जावेच लागते. त्याचा दोष केवळ त्यांच्या माथी मारणारे चरित्र अपुरे ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मुमताजमहलच्या संपत्तीच्या वाटणीचा दोघी बहिणींच्या नात्यावर झालेला परिणाम स्पष्ट करा.
२. ‘बेगम साहिब’ या पदवीविषयीचे निरीक्षण चरित्राच्या आकलनास कसे साहाय्यभूत ठरते?
३. आपल्या परिचयातील एखाद्या कुटुंबात मानाची एकच जागा असल्यामुळे बहिणींत किंवा जावांत निर्माण झालेल्या ताणाचे, व्यक्तींची नावे न देता, दहा-बारा ओळींत वर्णन करा.