मुलांच्या जेवणासाठी फुटबॉल : ब्रदर वॉलफ्रिड



दिवाळी सरली की आपल्या मुरबाड-शहापूरकडची कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. पोरे आईबापांबरोबर जातात. शाळा सुटते आणि शाळेतली खिचडीही सुटते. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर स्कॉटलंडमधील 'सेल्टिक' या नामवंत फुटबॉल क्लबाची जन्मकथा आपल्याला परकी वाटणार नाही. तो क्लब उभा केला ब्रदर वॉलफ्रिड या व्रतस्थ शिक्षकाने.

त्यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. १८ मे १८४० रोजी आयर्लंडच्या स्लायगो परगण्यात त्यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असताना बटाट्यावर रोग पडला. आपल्याकडे भात गेला तर नाचणी-वरीचा तरी आधार असतो; तिथल्या गरिबांचे सारे पोट बटाट्यावर. सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली. अँड्र्यू पंधराव्या वर्षी कोळशाच्या बोटीने ग्लासगोला आले. रेल्वेच्या कामावर लागले, संध्याकाळच्या वर्गात शिकले आणि १८६४ साली मारिस्ट ब्रदर्स या शिक्षकांच्या संघात दाखल झाले.

ग्लासगोच्या पूर्व भागात आयरिश मजुरांची दाट वस्ती होती. १८७४ साली ब्रदर तिथल्या पवित्र हृदय शाळेचे मुख्याध्यापक झाले. उपाशी मूल शिकत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेच्या साहाय्याने त्यांनी मुलांना गरम जेवण सुरू केले. एक पेनी दिली की जेवण. घरून पाव आणला तर अर्ध्या पेनीत सूप. दाम नाममात्र, पण तो घेतला जाई. यातले शहाणपण आम्हाला फार भावते. आईबापांना भीक घेतल्यासारखे वाटत नसे. यामागे आणखी एक चिंता होती, तीही लपवायला नको. प्रॉटेस्टंट अन्नछत्रांत जाऊन मुले आपली श्रद्धा सोडतील, अशी त्या काळी भीती होती.

पैसा पुरेना. १८८७ साली एडिंबर्गच्या हायबर्निअन या आयरिश कॅथलिक क्लबाने स्कॉटिश कप जिंकला आणि ग्लासगोतही जल्लोष झाला. ब्रदरांनी काय ते ओळखले. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात क्लबाची स्थापना झाली. 'सेल्टिक' हे नाव त्यांनीच सुचवले, कारण त्यात आयरिश आणि स्कॉटिश दोघेही सामावत होते. २८ मे १८८८ रोजी पहिल्याच सामन्यात रेंजर्सवर ५-२ अशी मात केली. बरेचसे खेळाडू हायबर्निअनकडूनच घेतलेले होते. हायबर्निअनवाल्यांना ते रुचले नसणारच! पहिल्या वर्षी चारशेहून अधिक पौंड धर्मादाय कार्यासाठी गेले. पुढे सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या चाहत्यांत धर्माच्या नावाने वैर माजले, ते मात्र क्लबाच्या नावालाच न शोभणारे.

१८९२ साली सेल्टिकने स्कॉटिश कप प्रथमच जिंकला आणि त्याच वर्षी वरिष्ठांनी ब्रदरांची लंडनला बदली केली. ते निमूट गेले. १८९३ साली स्कॉटलंडमध्ये पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली आणि १८९७ साली क्लबाची कंपनी झाली. खेळाडूला पगार देण्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. त्यालाही पोट असते. पण ज्या ताटासाठी क्लब काढला, ते ताटच हिशेबाच्या वहीत मागे पडत गेले. ब्रदर ग्लासगोत असते तरी हे थांबले असते का? आम्हाला शंका आहे. त्यांनी लंडनच्या गरीब वस्तीतल्या पोरांसाठी पुन्हा सामने भरवायला सुरुवात केली. १९११ साली युरोपच्या दौऱ्यावरून परतणारा सेल्टिकचा संघ त्यांना लंडनमध्ये भेटला. १७ एप्रिल १९१५ रोजी स्कॉटलंडमधील डम्फ्रीज येथे त्यांचे निधन झाले.

१९३६ साली कोलकात्याचे मोहम्मद सलीम बुटांऐवजी पायांना पट्ट्या बांधून याच क्लबाकडून खेळले. १९६७ साली सेल्टिकने युरोपियन कप जिंकला. ब्रिटनमधल्या एकाही क्लबाने तोवर तो जिंकला नव्हता. धर्मादाय निधी क्लबाने १९९५ साली पुन्हा उभारला. स्टेडियमबाहेर ब्रदरांचा पुतळा आहे, तो २००५ सालचा.