खर्जाच्या तारेतला गंधार

मुळशीला पावसाळ्यात तंबोरा जुळवणे म्हणजे परीक्षाच. धरणावरून येणाऱ्या ओल्या हवेत तारा सूर धरत नाहीत. पण एकदा जवारी नीट लागली, की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार आपसूक उमटतो. अशाच एका संध्याकाळी तंबोरा बाजूला ठेवून मी जॅको पॅस्टोरियसची ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ लावली आणि चमकलो. तारेत दडलेले तसेच स्वयंभू सूर हा माणूस इलेक्ट्रिक बेस गिटारवर एकेक करून वेचत होता!

जॅकोचा जन्म १९५१ चा, पेनसिल्व्हेनियातला. वाढला मात्र फ्लोरिडात. वडील ड्रमवादक आणि गायक. जॅकोही आधी ड्रमच वाजवी. फुटबॉल खेळताना मनगट दुखावले आणि तो बेसकडे वळला. बेस म्हणजे मागे उभे राहून इतरांना आधार देणारे वाद्य. जॅकोच्या बेसला पडदे नव्हते. त्यामुळे त्याला आपल्यासारखी मींड घेता येई. १९७६ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातली ही अडीच मिनिटांची रचना पत्नीच्या नावाची. साथीला कोणी नाही, एकटा बेस. तार दाबायची नाही. तिच्या अर्ध्यावर, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शावर बोट नुसते टेकवायचे. केसभर चुकले तर सूर मुका! त्याच वर्षी तो ‘वेदर रिपोर्ट’ या जॅझ फ्यूजन वृंदात गेला आणि जगभर गाजला.

पुढची कहाणी क्लेशाची. १९८२ मध्ये त्याच्या मनोविकाराचे, बायपोलरचे, निदान झाले. दारू होतीच. कामे तुटली, न्यूयॉर्कच्या बागांत रात्री काढायची वेळ आली. १९८६ मध्ये त्याचा लाडका बेसही चोरीला गेला. सप्टेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लबच्या दारात रखवालदाराने त्याला बेदम मारले. २१ तारखेला तो गेला. वय अवघे पस्तीस.

अशा माणसाला ‘वेडा प्रतिभावंत’ म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. ती रचना निदानाच्या कितीतरी आधीची; तिच्यात दिसतो तो रियाज, हिशेब आणि शांत कान. आजाराने त्याला काही दिले नाही. होते ते हिरावून नेले. चोरीला गेलेला बेस २००६ साली सापडला. त्यावर फिरणारी बोटे वेळीच सावरता आली असती, ही रुखरुख मात्र राहतेच.