साळखात्याचे बंद दार आणि बाबासाहेब

गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेबांच्या हाती संविधान असते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे आमच्या बऱ्याच कार्यकर्त्यांचा असा समज झालेला दिसतो की बाबासाहेबांचा लेथ मशीनशी, वेल्डिंगशी, रेल्वेच्या वर्कशॉपशी काही संबंध नव्हता. फुलंब्रीसारख्या तालुक्यातील आमची मुले आज ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत, तो प्रश्न बाबासाहेबांनी आयुष्यभर हाताळला होता.

फुलंब्री हे औरंगाबादहून, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरहून, जळगाव रस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. शेती कापूस-मक्याची, बरीचशी पावसाच्या भरवशावर. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहती एवढ्या जवळ की पोरगा डबा घेऊन सकाळी जाऊ शकतो व रात्री परत येऊ शकतो. आयटीआय करून तो जातोही. पण कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव चढत नाही. ते ठेकेदाराच्या वहीत राहते. हुन्नर शिकला, पण दार उघडले नाही. बाबासाहेबांचे चरित्र या बाजूने कोणी वाचत नाही म्हणून आम्ही ते थोडक्यात मांडत आहोत.

१८९१ मध्ये महू येथे जन्मलेले भीमराव बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला गेले आणि १९१७ मध्ये परतले. बडोद्यात त्यांची काय अवहेलना झाली हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर व्यवहारासंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. ज्ञान होते, गिऱ्हाईकही येऊ लागले होते. सल्ला देणारा महार आहे हे कळताच गिऱ्हाईक नाहीसे झाले. देशातील त्या काळच्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एकाची ही गत, तर फिटरची काय कथा!

१९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे जोडून दुखणे बरे होणार नाही, शेतीवर पोसली जाणारी रिकामी माणसे कारखानदारीकडे वळली पाहिजेत, असा त्याचा रोख होता. फुलंब्रीतल्या दोन एकरवाल्या घरात तीन तरुण मुलगे बसून असतात. त्या घराला हा निबंध आजही लागू पडतो. पुढे २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहे आणि वाचनालये हे तिचे उद्देश सर्वांना ठाऊक असतात. औद्योगिक व शेतकी शाळा काढणे हाही तिचा लेखी उद्देश होता, तो मात्र आम्ही विसरलो.

आता गिरण्यांची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगायला हवी. मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो अस्पृश्य कामगार होते, परंतु साळखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, त्यांना प्रवेश नव्हता. मजुरी मात्र तिथेच जास्त. कारण असे की धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणजे हुन्नर शिकण्याची बुद्धी नाही म्हणून नव्हे, तर थुंकी विटाळते म्हणून चांगल्या पगाराचे खाते बंद! १९२८ च्या प्रचंड संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगार तेवढा एक असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या मंडळींनी ही मागणी कशीबशी, नाखुशीने आपल्या यादीत घातली. एकजूट मोठी होती खरी, पण ती साळखात्याच्या उंबरठ्यापर्यंतच होती. गिरण्यांचा इतिहास लिहिणारे डावे विद्वान या प्रसंगावरून फार घाईने पुढे सरकतात, असे आमचे निरीक्षण आहे.

१९३६ मध्ये जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील भाषणात (ते त्यांना लाहोरला करूच दिले नाही, म्हणून छापावे लागले) त्यांनी यामागचे अर्थशास्त्र उकलून दाखवले. जात कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते. उद्योग कधी एका जागी थांबत नाहीत. एक धंदा बसला की माणसाला दुसरा धरता आला पाहिजे. जात ते करू देत नाही, म्हणून जात बेकारीचे थेट कारण ठरते.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी तेथे सांगितले, तेवढेच आम्ही लक्षात ठेवतो. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या जागांचा हिशेब मांडला होता. आमचा माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही. वर्कशॉपमध्ये हुन्नराच्या आणि मिस्त्रीच्या जागा तर दूरच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फुलंब्रीच्या शेजारच्या कन्नड तालुक्यात, मक्रणपूरला, निजामी अमलातील अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाली. या भागातील जुन्या घरांत तिची आठवण अजून निघते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धासाठी तंत्रज्ञ घडवण्याची योजना त्यांच्या आधीच, १९४० मध्ये, सुरू झाली होती. श्रेय उगाच ओढून घेण्याची आम्हाला गरज नाही. परंतु फिटर, टर्नर, मशिनिस्ट घडवणारी ती केंद्रे आणि कामगार तरुणांना विलायतेत प्रशिक्षणासाठी पाठवणारी बेव्हिन योजना त्यांच्या खात्याने चालवली. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या मुलांना कला व कायद्याच्या पदव्यांचा फारसा उपयोग नाही, विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, असे स्पष्ट म्हटले. सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या वर्कशॉपांत आमची मुले शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावीत, हीही मागणी केली. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे सांगतो, आणि आमच्या घरी मुलाने आयटीआयला जातो म्हटले की बापाचा चेहरा उतरतो!

१९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, १९४४ पासून शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, १९४५ मध्ये त्यांच्याच खात्यात सेवायोजन कार्यालयांची उभारणी सुरू झाली, १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. वीज व पाण्याचे विषयही त्यांच्याकडे होते आणि स्वस्त विजेवाचून कारखानदारी उभी राहणार नाही हे ते सातत्याने मांडत होते. एकीकडे प्रशिक्षण, दुसरीकडे राखीव जागा, तिसरीकडे जागेची नोंद ठेवणारे कार्यालय. या गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढून त्यांनी मराठवाड्याच्या मुलांसाठी नागसेनवनाचा पाया घातला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आजचे चित्र याच्या उलट आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत, पण उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्याला महिना ८ हजार रुपये मिळण्याची सोय झाली, तीही सहा महिन्यांपुरती; पुढे मुदत वाढली, पण नोकरीची हमी आली नाही. केंद्राची सप्टेंबर २०२३ ची विश्वकर्मा योजना तर अठरा पारंपरिक व्यवसायांत गुरुशिष्य परंपरेने, घराण्यात चालत आलेल्या कौशल्याला बळ देऊ पाहते. चांभाराच्या मुलाला १५ हजारांची अवजारे जरूर मिळावीत. पण त्याला सीएनसी मशीन चालवायचे असेल तर? बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधण्याविरुद्धच बाबासाहेबांची हयात गेली.

फुलंब्रीच्या तरुणांनी येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढावेत आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावेत. गेल्या पाच वर्षांत तालुक्यातून कोणत्या ट्रेडमध्ये किती मुले-मुली उत्तीर्ण झाली, त्यांपैकी अनुसूचित जातींची किती, कितींना शिकाऊ उमेदवारी मिळाली आणि कितींना कायम नेमणूक, हे आकडे आयटीआय व जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाकडे लेखी मागावेत. उत्तर आले की ते आम्हाला पाठवावे. या स्तंभात आम्ही ते जसेच्या तसे छापू.