संगीतकार कोलरिज-टेलर व त्याची सहधर्मचारिणी

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक या संगीतविद्यालयात ११ नोव्हेंबर १८९८ रोजी एक नवी रचना प्रथम सादर झाली. तिचे नाव होते ‘हायावाथाज वेडिंग फीस्ट’, म्हणजे हायावाथाच्या लग्नाची मेजवानी. रचनाकार सॅम्युएल कोलरिज-टेलर हा याच विद्यालयात शिकलेला २३ वर्षांचा तरुण. गुरू स्टॅनफर्ड यांनी स्वतः वृंदाचे संचालन केले आणि प्रकृती ठीक नसतानाही सर आर्थर सलिव्हन ऐकावयास आले. थोड्याच काळात ही रचना इंग्लंडभर गाजू लागली. मात्र दुसऱ्याच्या लग्नाचा सोहळा असा स्वरांत बांधणाऱ्या या तरुणाचे स्वतःचे लग्न तेव्हा अडून बसले होते, आणि ते त्याच्या वर्णापायी!

सॅम्युएलचा जन्म १५ ऑगस्ट १८७५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील डॅनियल टेलर हे पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनचे. वैद्यकीच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला आले होते. आई अ‍ॅलिस ही इंग्रज. दोघांचा विवाह झालेला नव्हता आणि मुलाच्या जन्मापूर्वीच वडील आफ्रिकेस परतले. आईने मुलाला इंग्रज कवी सॅम्युएल टेलर कोलरिज याचे नाव दिले आणि क्रॉयडन या उपनगरात आजोळीच त्याला वाढविले. व्हायोलिनचे पहिले धडेही त्याला आजोबांकडून मिळाले. चर्चच्या गायकवृंदात गाणारा हा मुलगा कर्नल वॉल्टर्स या गृहस्थांच्या नजरेत भरला. त्यांच्या खटपटीमुळे १८९० साली, वयाच्या १५ व्या वर्षी, त्याला रॉयल कॉलेजात प्रवेश मिळाला. तो गेला व्हायोलिन शिकावयास, पण पुढे रचनाशास्त्राकडे वळला आणि स्टॅनफर्ड यांचा शिष्य झाला. १८९३ साली त्याने रचनेची शिष्यवृत्तीही मिळविली.

याच विद्यालयात जेसी वॉल्मिस्ली ही मुलगी पियानो व गायन शिकत होती. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, गोऱ्या व प्रतिष्ठित कुटुंबातली. व्हायोलिन आणि पियानोच्या जोडवादनाच्या निमित्ताने दोघांची ओळख वाढली. ज्यांनी कोणाची साथसंगत केली आहे, त्यांना हे नाते निराळे सांगावयास नको. रियाजाला रोज समोरासमोर बसले की माणसाचा स्वभाव लपत नाही. दुसऱ्यासाठी थांबणे, त्याची चूक सावरून घेणे, आपला स्वर आवरून त्याच्या स्वराला जागा देणे, हे सारे तेथे दिसून येते. जेसीने सॅम्युएलला ओळखले ते अशा सहवासातून. तिच्या आईवडिलांना मात्र प्रथम दिसला तो त्याचा रंग.

जेसीने १८९३ साली विद्यालय सोडले. पण स्नेह सुटला नाही. आफ्रिकी रक्ताचा जावई आईवडिलांना मान्य नव्हता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लाँगफेलोच्या ज्या काव्यावर ‘वेडिंग फीस्ट’ बेतलेली आहे, त्यातली आजी नोकोमिसही हायावाथाला परक्या जमातीची मुलगी करू नकोस म्हणून बजावते. हायावाथा ऐकत नाही. या लग्नाने दोन जमातींचे जुने वैर मिटेल, असे तो तिला समजावतो. त्या कथेतल्या मेजवानीला टाळ्या वाजवणाऱ्या समाजाला आपल्या शेजारच्या घरात तशीच गोष्ट घडलेली खपत नव्हती!

दोघे ठाम राहिली. ३० डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा विवाह झाला. अखेरीस आईवडिलांचा विरोध मावळला आणि ते लग्नाला हजर राहिले.

संसार सुखाचा झाला, पण पैशाची ओढाताण कधी संपली नाही. ज्या रचनेने नाव झाले तिचे सारे हक्क त्याने अवघ्या १५ गिनींना प्रकाशकाला विकले होते. प्रती हजारोंनी खपल्या, पण त्यातले काही त्याच्या हाती आले नाही. शिकवण्या, परीक्षा आणि वृंदसंचालन यांवर घर चाले. पहिल्या मुलाचे नाव त्यांनी हायावाथा ठेवले. १९०३ साली मुलगी झाली. वडिलांबरोबर रस्त्याने जाताना टवाळखोर पोरे समोरून आली की ते तिचा हात दुखेपर्यंत घट्ट धरीत, असे या मुलीने पुढे लिहून ठेवले आहे.

आफ्रिकी वंशाचा त्याने कधी संकोच केला नाही. १९०० साली लंडनला भरलेल्या पॅन-आफ्रिकन परिषदेस तो हजर होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी वॉशिंग्टन येथे त्याच्या नावाची गायनसंस्था काढली. तिच्या निमंत्रणावरून तो १९०४ साली तेथे गेला, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनीही त्याची भेट घेतली. परंतु वॉशिंग्टनला लागून असलेल्या व्हर्जिनिया व मेरीलँड या राज्यांत त्याच्यासारखे लग्न हा कायद्याने गुन्हा होता. असे उरलेसुरले कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले, ते १९६७ साली.

१ सप्टेंबर १९१२ रोजी न्यूमोनियाने सॅम्युएलचा अंत झाला. वय अवघे ३७. राजे पाचवे जॉर्ज यांनी जेसीला वर्षाला १०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. रचनाकारांच्या हक्कांसाठी १९१४ साली इंग्लंडात जी संस्था स्थापन झाली, तिच्यामागे त्याच्या कुटुंबाच्या हलाखीची जाणीवही होती. जेसीने पतीच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या. १९२४ पासून १९३९ पर्यंत लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये ‘हायावाथा’चे थाटाचे प्रयोग होत राहिले.

मुलगी अ‍ॅव्हरिल हीदेखील रचनाकार व वृंदसंचालक झाली. १९५२ साली ती दक्षिण आफ्रिकेत गेली. दिसावयास गोरी असल्याने तिला तेथे गोऱ्यांत धरले गेले आणि वर्णभेदाच्या राजवटीबद्दल तिलाही प्रथम वावगे वाटले नाही. पण तिचे आजोबा आफ्रिकी होते हे उघड होताच सरकारने तिला काम करू देण्याचे नाकारले. वॉल्मिस्ली दांपत्याने जो आक्षेप घेऊन अखेर सोडून दिला होता, तोच अर्ध्या शतकानंतर एका सरकारने त्यांच्या नातीवर घेतला. आईवडील लेकीच्या लग्नाला आले, कारण त्यांना लेक गमवावयाची नव्हती. सरकारला तशी काही अडचण नव्हती.